काडी कुणाच्या दारची

जुलैच्या भरात पोलादपूरकडच्या एखाद्या पडवीत कोय कलम बांधणारं माणूस दिसलं तर जरा थांबून त्याचे हात पाहावेत. समोर पिशव्यांतून रुजलेली आंब्याची रोपं. कोय रुजून दहा-पंधरा दिवस झालेले, पानं अजून तांबूस, देठ इतका कोवळा की नखाने तुटावा. कोयीपासून चार बोटं वर शेंडा उडवायचा आणि उरलेल्या देठाला मधोमध उभा काप द्यायचा, दीडेक इंच खोल. मग काडी घ्यायची. ती चांगल्या आंब्याच्या फांदीची, तीन-चार महिन्यांची, टोकाचा डोळा फुगलेली. आठ-दहा दिवस आधी झाडावर असतानाच तिची पानं कापून नुसते देठ ठेवलेले असतात, म्हणजे जोर डोळ्यात येतो. काडीचं बूड दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, कापात बसवायची आणि निदान एका अंगाने तरी साल सालीला भिडली आहे हे बघायचं. वरून प्लॅस्टिकची बोटभर रुंद पट्टी, खालून वर गुंडाळत न्यायची, म्हणजे पाणी आत उतरत नाही. एवढंच. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला तर कलम लागलं, काडी काळी पडली तर गेलं.

हे करणारा माणूस बागाईतदार असेलच असं नाही. शाळेतला मास्तर असतो, गणपतीआधी रजा टाकून आलेला चाकरमानी असतो, दुपारची भांडी आवरून बसलेली बाई असते. कुणी शेतकी शाळेत गेलेलं नसतं. कुणाचं तरी पाहून, पाचपन्नास काड्या वाया घालवून हात बसलेला असतो. आज महाड-पोलादपुरात ही गोष्ट इतकी सरावाची झाली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी असं वाटतं. पण ती तशी नाही. ही पाचर या परड्यांत पोहोचायला चारेकशे वर्षं लागली, आणि वाटेत तिला अडवणाऱ्या गोष्टींत झाडांचा दोष फार थोडा होता.

आधी इथे काय होतं ते सांगायला हवं, कारण बागेचं ज्ञान वाटून घेण्याची इथली जुनी रीत होतीच. ती बियांची होती आणि बायकांच्या हातात होती. पावसाळी मांडवावरची काकडी, पडवळ, शिराळी, दुधी, दारामागचा चिबूड, भात निघाल्यावर ओलीवर पेरलेले कडवे वाल, यातलं काहीच विकत आणायची चाल नव्हती. वेलावरची एक काकडी तोडायची नाही, ती पिवळी जून होऊ द्यायची. बी धुऊन राखेत घोळवून ठेवायचं, किंवा शेणात मिसळून भिंतीला थापायचं. दुधी तर आख्खाच चुलीवरच्या धुरात टांगायचा, बी त्याच्याच पोटात राहतं. लेक सासरी गेली की पहिल्या पावसाआधी माहेराहून पुडी येई, आणि पुडीबरोबर सूचना येत. ही मृगात टोक, ती जरा थांबून. हिच्या आळ्यात पाणी तुंबू देऊ नको. बी आणि त्याची रीत एकत्रच जायची. ज्या घरातून बी आणलं त्या घराचं नाव त्या वेलाला पुढे कितीतरी वर्षं चिकटून राहायचं.

ही रीत आंब्यापाशी मात्र थांबायची. काकडीच्या बीची काकडीच होते. आंब्याच्या कोयीचं तसं नाही. रायवळ आंब्याची कोय पुरली तर झाड आंब्याचंच येतं, पण आईच्या गोडीचं येईल याची खात्री नसते. कुणाच्या तरी दारचा खोबऱ्या नाहीतर साखऱ्या सगळ्या वाडीला ठाऊक असतो, पण त्याची कोय नेऊन लावणाऱ्याला दहा वर्षांनी लोणच्याचा आंबट आंबा मिळतो. म्हणजे फळ वाटता येत होतं, झाड वाटता येत नव्हतं. इतक्या मोकळ्या हाताच्या देवघेवीत हे एक झाड ज्याच्या दारी त्याच्याच दारी राहिलं.

एका झाडाचा तुकडा दुसऱ्या झाडावर जगवता येतो ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे आणि त्यात फणस, केळ, जांभूळ अशा झाडांची फांदी दुसऱ्याच्या मुळावर किंवा खोडावर शेणाने लिंपून बसवण्याचा उल्लेख येतो. पण कोकणातल्या आंब्याच्या कलमाचा धागा पकडायचा तर गोव्याला जावं लागतं. १५१० साली अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतलं. पुढच्या शतक-दीड शतकात तिथल्या ख्रिस्ती मठांच्या, विशेषतः जेझुइटांच्या बागांतून निवडक आंब्यांची कलमं बांधली गेली. हापूस, पायरी, मानकुराद ही नावं पोर्तुगीज माणसांच्या आणि शब्दांच्या खुणा अजून वागवतात. सतराव्या शतकाच्या अखेरीचा इटालियन प्रवासी निकोलाव मनुची गोव्याच्या आंब्यांची नावानिशी तारीफ करतो. रायवळ झाडाला घराचं नाव असतं, पण माणसाचं नाव घेऊन गावोगाव फिरणारी जात कलमाशिवाय होत नाही. तेव्हा कलमाची विद्या तोवर तिथे रुळली होती हे उघड आहे.

या काळातला मला जवळचा वाटणारा माणूस मात्र पाद्री नाही, वैद्य आहे. गार्सिया द ओर्ता. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं आणि तिथे त्याची बाग होती. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात औषधी झाडांबरोबर आंब्याचीही चर्चा आहे, आणि मुंबईच्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं हे तो आवर्जून सांगतो. ग्रंथ लिहिलाय संवादाच्या रूपात. एक विचारतो, दुसरा सांगतो, मध्येच कुणी नोकराणी फळ घेऊन येते. झाडांविषयी हौशी माणसं आजही याच रीतीने बोलतात.

गोव्याहून कलम वर सरकलं ते किनाऱ्याने. वेंगुर्ला, देवगड, रत्नागिरी. महाड त्या वेळी काही आडगाव नव्हतं. सावित्रीतून गलबतं दासगाव-महाडपर्यंत येत, घाटावरचा माल इथे उतरे, आणि रायगड तर याच मुलखातला. गोव्याच्या होड्यांबरोबर पेरू, पपई, अननस, काजू आले आणि परड्यात असे रुळले की ते परदेशचे आहेत हे सांगून पटायचं नाही. पपईची बी थुंकली तरी रुजते, काजूची बी खिशातून जाते. हापूस तसा आला नाही, कारण तेव्हाचं कलम हे भेट कलम होतं.

भेट कलमात काडी तोडत नाहीत. रोप कुंडीत वाढवायचं, आणि कुंडीच उचलून मातृवृक्षाच्या फांदीपाशी न्यायची. झाड उंच असेल तर बांबूचा माच बांधायचा आणि कुंड्या त्यावर मांडायच्या. रोपाची आणि फांदीची साल समोरासमोर तासून दोघांना एकमेकांशी बांधायचं, वर केळीचं सोपट आणि शेणमाती. मग दोन-अडीच महिने त्या कुंड्यांना माचावर चढून पाणी घालायचं. सांधा जुळला की फांदी खालून हळूहळू कापत आणायची. पद्धत खात्रीची, पण तिला तीन गोष्टी लागतात. चांगल्या झाडाच्या मालकाची परवानगी, हाताशी पाणी, आणि कलम लावल्यावर फळ येईपर्यंत ती जमीन आपल्याकडेच राहील याचा भरवसा.

महाड-पोलादपूरच्या बहुतेक माणसांकडे या तिन्हींतलं एकही नव्हतं. रत्नागिरी आणि कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या, दक्षिण भागात खोती होती. वरकस डोंगरउतारावर नाचणी-वरी करणारं कूळ आज या तुकड्यावर, उद्या त्या. त्याने पाच-सात वर्षांनी फळ देणारं कलम कुणासाठी लावायचं? झाड वाढलं की त्यावरून वाद वाढणार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये असं बजावलं आहे, कारण ही झाडं एक-दोन वर्षांत होत नाहीत आणि लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड आणि त्याचा धनी यांच्यातलं नातं इतकं नेमकं ओळखणारं राजकारण पुढे टिकलं नाही. खोतीच्या कागदात कुळाचं लेकरू बसत नव्हतं.

पाण्याचं तर महाडला वेगळं सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात जे घडलं ते माणूस म्हणून पाणी पिण्याच्या हक्काचं होतं, त्याला बागेच्या गोष्टीत आणून लहान करायचं नाही. पण ज्या गावात तळ्याचं पाणी कुणी घ्यायचं हे जात ठरवत होती, तिथे उन्हाळ्यात विहिरीवरून कुंड्यांना पाणी घालून कलमं कोण जगवू शकत होतं हेही त्यातच ठरत होतं. बागकामाच्या इतिहासात ही बाजू फार कमी येते. बागेची आवड सगळ्यांना सारखी असते, विहीर नसते. याच बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं, आणि कूळकायद्याने कसणाऱ्याला मालक मानण्याचा दिवस ठरला तो १ एप्रिल १९५७. माझ्या मते या भागातल्या कलमाच्या इतिहासातली ही सगळ्यांत महत्त्वाची तारीख आहे. पाचर मारण्याचं कसब त्या दिवशी वाढलं नाही, पण ते शिकण्याला अर्थ आला.

मधल्या काळात कलमाची विद्या पुस्तकात शिरली होती. पुण्याजवळ गणेशखिंडीला १८७३मध्ये वनस्पती उद्यान निघालं. तिथले अधीक्षक जी. मार्शल वुडरो हे देशभरच्या आंब्याच्या जाती गोळा करत, बागकामावर लिहीत. १८८९ साली पुण्याहून मुलगोबा आंब्याची काही कलमं अमेरिकेला गेली. फ्लोरिडातल्या लेक वर्थला एल्ब्रिज गेल नावाच्या निवृत्त प्राध्यापकाने ती हौसेने सांभाळली, १८९५च्या कडाक्याच्या थंडीतून एकच झाड वाचलं आणि १८९८मध्ये त्याला फळ धरलं. त्याच्या कोयीपासून पुढे हेडन ही जात निघाली, आणि जगभरच्या बाजारांतल्या कितीतरी लाल आंब्यांचं मूळ तिच्यात आहे. पुण्याहून निघालेलं कलम फ्लोरिडाच्या हौशी म्हाताऱ्याच्या अंगणात पोहोचलं तेव्हा ते घाटाखाली पोलादपूरच्या कुळाच्या परड्यात पोहोचलेलं नव्हतं. १९२१ साली बर्न्स आणि प्रयाग यांनी मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यासाठी आंब्यावर सबंध पुस्तक लिहिलं. ते इंग्रजीत होतं. ज्याच्या हाताला ते हवं होतं त्याच्या डोळ्यांना ते वाचता येत नव्हतं.

दार उघडलं ते दापोलीने. कोकण कृषी विद्यापीठ १९७२मध्ये स्थापन झालं, आणि त्या दशकात तिथल्या माणसांनी कोय कलमाची पद्धत कोकणच्या हवेला बसवली. कोवळ्या रोपावर पाचर मारायची तर हवा ओलसर हवी, ऊन मवाळ हवं. किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी जूनपासून ऑगस्टपर्यंत फुकट मिळतात. महाड-पोलादपुरात तर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, महाबळेश्वरच्या पायथ्याचं धुकं. जो पाऊस आणि जे धुकं इथल्या हापूसच्या मोहोराला आणि फळाला कधी फार मानवलं नाही, तेच कोय कलमाला मानवलं. पाणी घालायला विहीर नको, माच नको. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, रोपाला झाडापाशी न्यायचं कारण उरलं नाही. काडी तोडून ओल्या फडक्यात किंवा केळीच्या सोपटात गुंडाळली की ती एसटीच्या पिशवीतून दापोलीहून महाडला, महाडहून पोलादपूरच्या कापड्याला येते. भेट कलमात झाडाच्या मालकाच्या दारात दोन महिने राबावं लागे. कोय कलमात एक सकाळ पुरते.

१९९०पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि वरकसावर आंबा-काजूचे खड्डे पडले. रोपवाटिकांना मागणी आली, रोपवाटिकांना कलमं बांधणारे हात लागले. रोजाने कलमं बांधायला गेलेला माणूस संध्याकाळी परतताना ती विद्या घरी घेऊन येई. काजूचंही तसंच, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या जाती मृदुकाष्ठ कलमाने वाडीवाडीत गेल्या. योजनेचे कागद कुठे अडले, खड्डे कुठे नुसतेच राहिले, हा वेगळा विषय आहे. शिकण्याच्या बाजूने पाहिलं तर या एका योजनेने जेवढ्या हातांना चाकू धरायला लावला तेवढा कुठल्याही पुस्तकाने लावला नसता. दापोलीच्या विद्यापीठाशी इथल्या मातीचं एक दुःखाचंही नातं आहे. २८ जुलै २०१८ला तिथल्या कर्मचाऱ्यांची बस पोलादपूरच्या वर आंबेनळी घाटात कोसळली. हंगाम कलमांचाच होता.

विद्यापीठाने पद्धत दिली, पण ती एकमेकांत फिरली ती दुसऱ्या रीतीने, आणि त्या रीतीचं सर्वांत नीट वर्णन महाराष्ट्रात ज्याने केलं त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर. पेशाने शिक्षक. त्यांनी जो प्रयोग परिवार उभा केला त्यात कुणी कुणाला सल्ला देत नव्हतं. ज्याने आपल्या मळ्यात जे करून पाहिलं तेवढंच तो सांगे, आणि ऐकणाऱ्याने ते आपल्या मातीत करून पाहिल्याशिवाय मानायचं नाही. पत्रांतून, एकमेकांच्या मळ्यांत जाऊन हे चाले. द्राक्षवाल्यांनी ते मोठ्या प्रमाणावर केलं, मुंबईच्या गच्च्यांवर भाजी पिकवणाऱ्यांनीही उचललं. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक अजून वाचलं जातं. दहा गुंठ्यांत कुटुंब नीट जगेल असं ते म्हणत, आणि दहा गुंठे हे पोलादपुरातल्या माणसाला ऐकू येणारं माप आहे.

माहेरच्या पुडीबरोबर येणारी सूचना आणि प्रयोग परिवारातलं पत्र यांत मला एकच गोष्ट दिसते. सांगणाऱ्याचा स्वतःचा वाफा तिथे हजर असतो. म्हणूनच कलम बांधणाऱ्याला आजही पहिला प्रश्न येतो तो काडी कुणाच्या दारची हा. हापूस आहे म्हणून भागत नाही. कुणाचा हापूस, दरसाल धरतो की वर्षाआड, साका किती निघतो, झाड दमटात टिकलंय का. आता मोबाइलवर काप देण्याच्या चित्रफिती पाहून पोरं शिकतात, आणि काप चांगला देतात. पण काडी ज्या झाडाची आहे त्याचा वीस वर्षांचा हिशेब चित्रफितीत नसतो, तो त्या घराच्या पडवीतच विचारावा लागतो.

इतक्या कष्टाने हाताशी आलेल्या या विद्येचा इथे आपण बराचसा एकाच आंब्यासाठी उपयोग केला याचं मला वाईट वाटतं. २०१८मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रायगड जिल्हाही आहे. चांगलंच झालं. पण महाड-पोलादपूरच्या आतल्या, पावसाळी, धुकट खोऱ्यांत ज्याने शतकभर तग धरला तो रायवळ. मुंबई-गोवा रस्त्याच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. दारचे रायवळ छपरावर फांदी येते म्हणून, नाहीतर लाकडाला भाव येतो म्हणून जातात. आणि काही क्षणात जातात. जुलै २००५मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आला. २२ जुलै २०२१ला तळिये गेलं. माणसं गेली, त्यापुढे झाडाचं नाव काढायला जीभ धजत नाही. तरी वाचलेल्यांना नव्या घराच्या दारात काय लावावं असं वाटत असेल, तर ते जुन्या दारचंच असणार. ते शक्य आहे की नाही हे एवढ्यावर ठरतं की त्या झाडाची काडी कधी कुणी पाहुण्याने, लेकीने, मुंबईच्या भावाने नेऊन दुसऱ्या गावात बांधली होती का.

कोय कलम रायवळालाही तसंच चालतं. शेतकऱ्याला स्वतःच्या जातीची नोंद करता येते असा २००१चा कायदाही आहे. त्यासाठी झाडाची ओळख लिहून ठेवावी लागते: कुठल्या वाडीत, किती जुनं, फळ कधी उतरतं, रस पातळ की दाट, कोय केवढी. महाड-पोलादपुरातल्या शाळांतून मुलांनी मे महिन्याच्या सुट्टीत आपापल्या वाडीतल्या रायवळांची अशी वही केली, चवीची नावं म्हाताऱ्यांकडून लिहून घेतली, आणि जूनमध्ये त्याच आंब्यांच्या कोयी पिशव्यांत रुजवल्या, तर जुलैच्या मध्यापर्यंत रोपं कापायला तयार असतात. काड्यांची पानं तेवढी आठ-दहा दिवस आधी छाटायला विसरू नये.